तीस-साठचा दाणा

“डोळे मिटा आणि नुसत्या बोटांनी सांगा, सर. ह्यातला बारीक कुठला?”

मुख्तार मणियारने माझा हात धरून आधी एका बादलीत घातला, मग दुसरीत. पहिलीतला दाणा लाडवाच्या रव्यासारखा लागला, दुसरीतला त्याहून बराच बारीक.

“दुसरीतला,” मी म्हणालो.

“शाब्बास. तो ऐंशी नंबर. पहिला तीस-साठ. वर्गातल्या नंबरासारखं आहे बघा. जेवढा मोठा नंबर तेवढं पोरगं बारीक. माझा कायम चाळिसावा यायचा.”

मी हसलो. हौदाच्या मागच्या अंगाला, भिंतीच्या सावलीत, त्याने चार बादल्या ओळीने मांडल्या होत्या. दोन गार्नेट नावाच्या लालसर दगडी दाण्याच्या, एक काचेच्या चुऱ्याची आणि एक खायच्या सोड्याची. शेजारी त्याचं पाण्याचं प्रेशर मशीन होतं. एरवी ते बसस्टँडमागच्या त्याच्या सेंटरवर जीप आणि ट्रॅक्टर धुवायचं. पुण्याहून त्याने त्याला लावायची एक नवी नळी आणली होती. पाणी जोरात सुटलं की ती नळी बादलीतला कोरडा दाणा ओढून घ्यायची आणि पाण्याबरोबर फेकायची. गंज, रंग, काय असेल ते उतरायचं. दाणा मात्र कोरडा ठणठणीत हवा. जरा ओल लागली की नळी तुंबायची. म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघांनी वाचनालयाच्या गच्चीवर ताडपत्री टाकून सगळा माल वाळवला होता आणि घरच्या पिठाच्या चाळणीने चाळला होता. चाळणीवरून आमच्या घरी जे बोलणं झालं ते इथे सांगत नाही.

“नदीची वाळू का नको?” मी त्याला विचारलं होतं. “फुकट मिळेल.”

“फुकट मिळते आणि छातीत बसते. माझे मामू फाउंड्रीत वाळूनं मारायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी दोन जिने चढता येईना. पाण्यात मारली तरी तुषार उडतातच की. मी वाळूला हात लावत नाही.”

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चिंचणगावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. लोकांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की माझ्या तळव्यांना घाम फुटतो. पुस्तकात वाचलेली गोष्टसुद्धा ‘बहुधा’ आणि ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लावल्याशिवाय माझ्या तोंडून बाहेर पडत नाही. पण त्या आठवड्यात गाव मला विचारत होतं. मुख्तार विचारत होता, नगरपालिका विचारत होती. मला ते आवडत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

बाजारपेठेतला हा दगडी हौद गाई-बैलांना पाणी पाजायला बांधलेला. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल आधी इथे पाणी पितात आणि मग मिरवायला निघतात. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी हौद रंगवायचा, अशी आमच्याकडची रीत. जुना रंग खरवडायचा नाही, वरून नवा द्यायचा. त्या त्या वर्षी ज्याच्या घरी जो ऑइलपेंट उरला असेल तो. सत्तर वर्षांत एवढे थर चढले होते की हौदाचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते. नगरपालिकेच्या सुवर्णमहोत्सवासाठी तो उघडा करून काळा दगड दिसू द्यायचा, असं ठरलं. उपनगराध्यक्ष होते दिनकरशेट गुजर. त्यांच्या आजोबांनी हौदाला जागा दिली होती, आणि गाव त्याला शेटजींचा हौद म्हणत होतं.

एकटी लंकाबाई तसं म्हणत नव्हती.

लंकाबाई हौदासमोरच्या खोलीत राहायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काटकुळी, आणि आवाज मात्र पेठेच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. तिची आई सगुणा फडावर नाचायची. पुढे स्वतःचा फड काढून तिने साताठ जिल्हे गाजवले. लंकाबाईही पन्नाशीपर्यंत फडावर होती. वृद्ध कलावंतांचं मानधन चालू राहावं म्हणून दर नोव्हेंबरात हयातीचा अर्ज भरावा लागे. तो ती माझ्याकडून भरून घ्यायची. पहिल्या वर्षीचं मला चांगलं आठवतं.

“पत्ता सांगा, बाई.”

“सगुणाच्या हौदासमोर, बाजारपेठ.”

मी लिहिलं. तिने कागदाकडे पाहिलं. अक्षर तिला येत नव्हतं. पण माझा हात कुठे वळला हे तिने पाहिलं असावं.

“वाचा बरं.”

“शेटजींच्या हौदासमोर, बाजारपेठ.”

“म्या काय म्हन्लं?”

“पोस्टमनला कळायला हवं ना, बाई.”

“पोस्टमनला म्या कळवीन. तुमी लिवा.”

मी खोडून लिहिलं. पुढे दर वर्षी ती पत्ता सांगायची आणि शेवटी म्हणायची, “वाचा बरं.” मी वाचायचो. मगच ती अंगठा उठवायची.

तिचं म्हणणं असं, की हौद तिच्या आईने बांधला. एका पोळ्याला फडाचे बैल पाण्याविना तीन तास उभे राहिले आणि त्यातला एक बसला तो उठलाच नाही. त्या वर्षीची सगळी बिदागी सगुणाने हौदात घातली. शेटजींनी जागा दिली, मनापासून दिली, पण दगड न् दगड सगुणाचा. आणि पुढच्या बाजूला, तोटीच्या वर, तिचं नाव घातलेलं होतं.

“म्या सहा वर्साची आसन. आयनं कडंवर घेतलं आन् माजं बोट धरून पयल्या अक्षरावरनं फिरवलं. असं.” ती माझ्या टेबलावर बोटाने अक्षर काढायची. वळसा, आडवी दांडी, उभी दांडी. तो ‘स’ होता. लिहिता न येणाऱ्या माणसाने काढलेला, पण नीट, न चुकता काढलेला ‘स’.

“मग ते नाव गेलं कुठे?”

“जातंय कुटं? रंगाखाली हाय. दोन वर्सं ऱ्हायलं, मग पंचांना झोंबाया लागलं. पोळ्याला म्हनले, रंग द्या. दिला. तवापास्नं देत्यात.”

मी हे सगळं एका वहीत टिपून ठेवत होतो. तिने सांगितलेली आणखी एक गोष्ट त्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात. “पाथरवटांनी नाव घालाया हात लावला न्हाई. म्हनले, नाचनारनीचं नाव आमच्या छिन्नीखाली येनार न्हाई. मग लालूभाई गवंडी म्हनला, म्या घालतो. त्यो आयच्या लावनीचा लई येडा. एका दुपारत घातलं त्यानं.” ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी त्याखाली रेघही मारली होती.

दिनकरशेटांना मी हे सांगितलं तेव्हा माझा आवाज चांगलाच कापत होता. वाटलं, ते उखडतील. ते पान चघळत ऐकत राहिले.

“बेलसरे, आमचे आजोबा असं कधी म्हणाले नाहीत की मी बांधला. लोक म्हणाले, त्यांनी म्हणू दिलं.” मग त्यांनी पिचकारी टाकली. “हौदावर लावायला संगमरवरी पाटी आणलीये. अजून कोरी आहे. शनिवारी संध्याकाळी कोरायला टाकायची. नाव निघालं तर सगुणाबाईंचं टाकू आणि नारळ मीच फोडीन. नाही निघालं तर मग मला घरचे जेवू देणार नाहीत, आजोबांचं टाकावं लागेल. तुम्ही मला एवढंच सांगा, आहे का नाही. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालतो. तुम्ही काही उगाच बोलणाऱ्यातले नाही.”

म्हणजे सगळं शनिवारवर आलं होतं. आणि चार बादल्यांसमोर आम्ही उभे होतो तो दिवस शुक्रवार.

मुख्तारने मागच्या बाजूला वीतभर लांबीरुंदीचे चार चौकोन खडूने आखले. आधी सोडा मारला. वरचा निळा रंग जरा फिका झाला, एवढंच. काचेच्या चुऱ्याने निळा गेला आणि खाली गुलाबी लागला. ऐंशी नंबरने गुलाबी आणि हिरवा काढला. खाली पिवळा होता. तीस-साठच्या दाण्याने मात्र पाच मिनिटांत सगळे थर सोलून निघाले आणि तळाला काळाभोर, ओला, लखलखीत दगड दिसला. मी खिशातलं भिंग काढून पाहिलं. छिन्नीच्या बारीक खुणासुद्धा शाबूत होत्या.

“दगडाला काही झालेलं नाही,” मी म्हणालो. “ओरखडासुद्धा नाही.”

“काळा पाषाण आहे, त्याला काय होतंय. मागं काळजी नाही.” मुख्तारने चेहऱ्यावरची काच वर केली. “पण पुढं नाव आहे म्हणता. पुढं मी सोड्यानं सुरू करतो. हळूहळू जाऊ. वाटलं तर मग काच. दाणा वाढवता येतो सर, मारलेला परत घेता येत नाही.”

“सोड्याने किती वेळ लागेल?”

“एवढे थर? दोन दिवस धरा. अडीच.”

“शनिवार संध्याकाळ उद्या आहे.”

“मग दिनकरशेटला सांगा, पाटी सोमवारी टाका.”

सांगता आलं असतं. दिनकरशेट नाही म्हणाले नसते. पण त्यासाठी त्यांच्याकडे पुन्हा जायला हवं होतं, चार माणसांत उभं राहून पुन्हा बोलायला हवं होतं. एकदा कसाबसा बोललो होतो. दुसऱ्यांदा तेवढा धीर मी गोळा केला नाही.

“सगळा एकच दगड आहे,” मी म्हणालो. “जिल्ह्याच्या जुन्या माहितीपुस्तकात छापलंय. ‘काळ्या पाषाणाचा चिरेबंदी हौद.’ जे मागे तेच पुढे.”

“आणि नाव?”

“नाव दगडातच असणार. दुसरं कशात असेल?”

मुख्तारने डोकं खाजवलं. त्याने खिशातून नाणं काढलं, पुढे गेला आणि तोटीच्या वरच्या भागावर ठोकत ठोकत नाणं फिरवलं. टक, टक, टक. मग एका जागी आवाज बसका आला. थप. थप. पुढे पुन्हा टक.

“इथं आवाज बदलतोय, सर.”

मी कान लावला. मलाही ऐकू आलं. एरवी मी म्हणालो असतो, ‘कुणास ठाऊक, बुवा.’ पण रात्रभर मी त्या विषयावरचं मिळेल ते वाचलं होतं. दाण्यांचे आकार, नळीचं अंतर, कोन, सगळं एका कागदावर तक्ता करून लिहिलं होतं. तो तक्ता माझ्या हातात होता. आणि मुख्तार माझ्या तोंडाकडे बघत होता. दुसरीतल्या मुलाने मास्तरांकडे बघावं तसा.

“तिथे रंग जाड बसलाय,” मी म्हणालो. “अक्षरांच्या खाचांत भरलाय ना, म्हणून. तीस-साठच घे.”

‘बहुधा’ नाही. ‘वाटतं’ नाही. आयुष्यात इतक्या ठामपणे मी फार थोडी वाक्यं बोललोय.

“तुम्ही म्हणता तर तीस-साठ,” मुख्तार म्हणाला.

शनिवारी सकाळी लंकाबाई नऊवार नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून समोरच्या पायरीवर येऊन बसली. मांडीवर एक वाटी होती. त्यात शेंदूर आणि तेल.

“कशाला, बाई?”

“अक्षरात भरायला. आयनं भरला व्हता.” मग डोळे बारीक करून म्हणाली, “मास्तर, आज तुमी जेवला न्हाई वाटतं. गाल बसल्यात. ल्येकीचं लगीन हाय जनू.”

“बाई, मुंडावळ्या बांधा सरांना,” मुख्तार ओरडला. पेठेतली पाचपन्नास माणसं जमली होती. ती हसली. मीही हसलो.

आधी त्याने बाजूच्या कडा घेतल्या. निळा, गुलाबी, हिरवा, पिवळा, सगळे रंग पाण्याबरोबर गटारात निघाले. खाली दगड दिसू लागला तशी माणसं ‘वा’ म्हणू लागली. पाणी अंगावर उडतं म्हणून सगळे लांब होते. मी एकटा जवळ होतो, मुख्तारचा कामाचा जादा चष्मा घालून, भिंतीला चिकटून. मुख्तारच्या तोंडावरच्या काचेवर चिखल उडत होता. तो मधूनमधून बाहीने पुसत होता, पण बराचसा अंदाजानेच नळी फिरवत होता.

साडेदहाच्या सुमाराला तो तोटीच्या वर आला.

पिवळा थर फाटला. त्याखालचा गेरूचा थर एकदम सुटला. आणि मला नाव दिसलं.

नीट दिसलं. तीन अक्षरं, चार-चार बोटं उंच, ठळक, वाटोळ्या वळणाची. सगुणा. ‘णा’चा काना खाली जरा लांबवून त्याला फुलासारखं टोक काढलं होतं. अक्षरं काळ्यावर नव्हती. पांढऱ्यावर होती. हातभर लांबीच्या दुधी, गुळगुळीत पाटीवर. दगडात उथळ खळगा करून त्यात चुना भरला होता, घोटला होता, आणि ओल्या चुन्यात करणीच्या टोकाने नाव काढलं होतं.

गवंडी.

पाथरवट दगडात काम करतो, छिन्नीने. गवंडी चुन्यात काम करतो. हे आमच्या गावात शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. लंकाबाईने मला सरळ सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं होतं, त्याखाली रेघ मारली होती. मला फक्त ते वाक्य आवडलं होतं.

मी हात वर केला. ‘थांब’ म्हणालो. पण मशीनच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. माझा आवाज कधीच कुणाला पहिल्या झटक्यात ऐकू गेलेला नाही. मी पुढे होऊन मुख्तारचा दंड धरला तोवर नळी उजवीकडून डावीकडे एकदा जाऊन आली होती. ‘णा’ गेला, ‘गु’ गेला. ‘स’ क्षणभर राहिला. त्याची उभी दांडी राहिली. मग तीही पाण्याबरोबर खाली आली.

मुख्तारने मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. त्याने काच वर केली. समोर काळ्या दगडात हातभर लांबीचा, बोटभर खोल, स्वच्छ धुतलेला रिकामा चौकोन होता.

मुख्तारने खाली गटाराकडे पाहिलं.

“सर,” तो हळूच म्हणाला, “पाणी पांढरं आलं.”

“रंगाचं असेल,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. “असेल,” म्हणाला.

तोवर दिनकरशेट पुढे आले होते, धोतराचा सोगा हातात धरून, चिखल चुकवत. “काय बेलसरे? निघालं का नाव?”

आज मी सांगू शकतो की तेव्हा काहीही बिघडलेलं नव्हतं. म्हणजे, बिघडलं होतं ते एकच, आणि ते सांगून टाकण्यासारखं होतं. ‘नाव होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या चुकीने गेलं.’ एवढी तीन वाक्यं. दिनकरशेटांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पाटी कोरी होती. पण पाचपन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात तो तक्ता होता, भिजून लगदा झालेला. आणि तिसरं वाक्य बोलावं लागेल म्हणून मी पहिलंच बोललो नाही.

“नाही,” मी म्हणालो. “काही नव्हतं.”

“नक्की?”

“नक्की.”

दिनकरशेटांनी एक उसासा टाकला. त्यांना आनंद झाला नव्हता, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. “मग काय, आजोबा,” ते म्हणाले आणि पाटी न्यायला आलेल्या माणसाला त्यांनी हाताने खूण केली.

लंकाबाई पायरीवरून उठून आली. चिखलातून, अनवाणी. कुणी तिला अडवलं नाही. तिने वाटी हौदाच्या काठावर ठेवली आणि त्या रिकाम्या चौकोनात उजव्या हाताचं बोट फिरवलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग पुन्हा.

“हितं खळगा हाय,” ती म्हणाली.

मी गटाराकडे बघत राहिलो.

“मास्तर, हितं खळगा हाय. कशाचा?”

“दगडात खोड असते, बाई. कधीकधी.”

“एवढी चौकोनी?”

मुख्तार नळी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. त्याने मान वर केली नाही, पण तो थांबला होता. मी बोलायची तो वाट बघत होता, हे मला त्याच्या खाली घातलेल्या मानेवरूनही कळत होतं. मी भिंग खिशातून काढलं, पुसलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

“तुमी बगत व्हता न्हवं? जवळ व्हता तुमी.”

“हो.”

“आन् काय न्हवतं?”

“नाही, बाई.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत संशय असता तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. माझ्या अक्षरावर तिचा जसा विश्वास होता तसाच माझ्या शब्दावर होता. चार वर्षं मी तिला पत्ता वाचून दाखवत होतो, आणि तिने कधी दुसऱ्या कुणाकडून तो पडताळून घेतला नव्हता.

“मंग आय खोटं बोलली म्हनायची,” ती म्हणाली. कुणाला असं नाही. “ल्हान पोरीला बरं वाटावं म्हून बोलली आसंल. माज्या बोटाला काय कळतंय त्या वयात.” तिने वाटी उचलली, पदराखाली घेतली आणि ती परत गेली. शेंदूर सांडू नये म्हणून हळूहळू चालत.

रविवारी पाटी लागली. ती नेमकी त्या चौकोनावर बसली, जणू मापाने केल्यासारखी. दिनकरशेटांनी भाषणात माझं नाव घेतलं, ‘आमच्या गावचे अभ्यासक’ म्हणून. मला शाल दिली. ती शाल मी कधी अंगावर घेतली नाही, पण टाकूनही दिली नाही.

मुख्तारचं पुढे बरं चाललं. आजूबाजूच्या गावांतल्या देवळांची, पुलांची कामं त्याला मिळत गेली. कुठलंही काम घेण्याआधी तो नाणं काढून सगळी भिंत इंचाइंचाने ठोकतो आणि सोड्यापासून सुरुवात करतो, असं लोक सांगतात. रस्त्यात भेटला की थांबतो, तब्येत विचारतो. पण दाण्याबद्दल किंवा दगडाबद्दल त्याने मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. त्या दिवसाबद्दलही नाही.

लंकाबाई त्यानंतर तीन वर्षं होती. मी रोज ठरवायचो, आज सांगू. वाचनालयापासून हौद ओलांडून तिच्या दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. मी ती अनेकदा चाललो. एकदा ती ज्वारी निवडत होती, एकदा झोपली होती, एकदा शेजारीण बसली होती. एकदा कुणीच नव्हतं, ती ‘या मास्तर’ म्हणाली, चहा केला. आणि मी चहा पिऊन, पावसापाण्याचं बोलून परत आलो.

पाटी लागल्यानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात ती नेहमीसारखी वाचनालयात आली. दुपारची वेळ होती, दुसरं कुणी नव्हतं. मी अर्ज काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं.

“पत्ता सांगा, बाई,” मी म्हणालो आणि पेन टेकवून थांबलो. काय लिहायचं ते मला पाठ होतं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं.

“शेटजींच्या हौदासमोर,” ती म्हणाली. “बाजारपेठ.”

पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला.

“काय झालं? लिवा की.”

मी लिहिलं.

मी वाट पाहिली. पण ती ‘वाचा बरं’ म्हणाली नाही. तिने उजवा हात पुढे केला, आणि मी शाईचा पॅड तिच्याकडे सरकवला.